प्रेमाला बाकडं लागतं

गेल्या महिन्यात मी एका अर्जावर सही केली. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत, कंपाउंडला लागून सिमेंटची तीन बाकडी आहेत. कुठल्याशा निधीतून कधीतरी बसवलेली, पाठीवर कुणाच्या तरी सौजन्याचं नाव, तेही आता अर्धं पुसलेलं. संध्याकाळी साडेसहानंतर तिथे जोडपी येऊन बसतात. अर्जाचा विषय होता, 'सदर बाकडी काढून टाकणेबाबत'. सेक्रेटरी घरी आले, चहा झाला, मी सही केली. माझ्या आधी पंधराएक जणांनी केलेली होती. त्यातलेच एक गृहस्थ, आयुष्य औषध कंपनीत गेलेलं, दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. म्हणाले, "प्रेमबिम काही नसतं हो ते. डोपामिन असतं. वर्ष-दोन वर्षांत उतरतं. तोवर आपल्या दारात कशाला तमाशा?"

सही करताना काही वाटलं नव्हतं. हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. त्यातलं विज्ञान बऱ्यापैकी बरोबर आहे आणि तरी त्यातून काढलेला निष्कर्ष साफ उलटा आहे, हे लक्षात यायला मला दोन-तीन दिवस लागले.

डोपामिन म्हणजे मेंदूतलं एक रसायन. तिथूनच सुरुवात करू. हेलन फिशर, आर्थर ॲरन आणि लूसी ब्राउन यांनी न्यूयॉर्कमध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांना, १० बायका आणि ७ पुरुष, एमआरआय यंत्रात झोपवलं आणि ज्याचं त्याचं माणूस फोटोत दाखवलं. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या माणसाचा फोटो दिसला की मेंदूच्या तळाशी, डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा जो पुंजका आहे, तिथे हालचाल वाढायची. ओळखीच्या दुसऱ्या कुणाचा फोटो असला की तितकी नाही. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटून तिच्यामागे जाणं, हे या पुंजक्याचं काम. म्हणून फिशरबाईंचं म्हणणं असं, की हे असलं प्रेम राग-आनंदासारखी नुसती भावना नाही, ती तहान-भुकेच्या जातीची ओढ आहे.

त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, इटलीतल्या पिसा विद्यापीठात दोनातेल्ला मराझिती यांनी रक्त तपासलं होतं. सहा महिन्यांच्या आत प्रेमात पडलेले २०, मंत्रचळ म्हणजे ओसीडी असलेले २० आणि ज्यांना यातलं काहीच झालेलं नाही असे २०. सेरोटोनिन हे मेंदूत आणि रक्तात असणारं आणखी एक रसायन. ते वाहून नेणारं प्रथिन पहिल्या दोन्ही गटांत सारखंच कमी निघालं. म्हणजे हात पुन्हा पुन्हा धुणारा आणि मोबाइल पुन्हा पुन्हा बघणारा, दोघांचं रक्त एकाच रांगेत. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या म्हणत आली. इथल्या मनोरुग्णालयाची ती ख्याती. आम्ही तर ठाण्यातच राहतो, आम्हाला वेगळं कुठे पाठवणार? असो. त्या प्रेमवीरांपैकी काहींना १२ ते १८ महिन्यांनी परत बोलावलं, तेव्हा त्यांचे आकडे इतरांसारखे झाले होते.

माणसं थोडी आहेत, हे मान्य. १७ आणि २० जणांवरून कुणी संसाराचे नियम बांधू नयेत. पुढे २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या एका तपासणीत प्रेमात पडलेल्या पुरुषांच्या रक्तात सेरोटोनिन कमी आणि बायकांच्या रक्तात उलट जास्त निघालं, म्हणजे पिसाचं चित्रही पूर्ण नाही. पण सुरुवातीला एक ताप असतो आणि तो ओसरतो, एवढं समजायला यंत्र लागत नाही. लग्नाला तीन वर्षं झालेलं कुणीही सांगेल.

प्रश्न ओसरल्यानंतर काय उरतं, याचा आहे. जिन्यातले गृहस्थ म्हणाले 'उतरतं'. आपल्या भाषेत दुसरंही एक क्रियापद आहे, 'मुरतं'. बियांका असेवेडो यांनी सरासरी २१ वर्षं लग्न झालेल्या आणि अजूनही जोडीदारावर जीव आहे असं सांगणाऱ्या १७ जणांची तशीच एमआरआय तपासणी केली. डोपामिनचा तोच पुंजका त्यांच्यातही जागा होता. फक्त त्याच्या जोडीला माया आणि निवांतपणा यांच्याशी जोडलेले भाग होते, आणि सुरुवातीच्या प्रेमातली ती कासाविशी नव्हती. म्हणजे काहींचं उतरतं, काहींचं मुरतं. आपलं कुठलं, हे दोघांना कळणार कसं? रक्त तपासून कळत नाही. पत्रिकेत तर नाहीच. एकमेकांच्या शेजारी बसून, विषय संपल्यावरही बसून राहून, कंटाळा येईपर्यंत आणि आलेला कंटाळा जाईपर्यंत बसूनच ते कळतं. दोन वर्षांत उतरणार असेल, तर ती दोन वर्षं लग्नाआधी आणि उघड्यावर जायला हवीत, यात कुणाचा तोटा आहे? आम्ही अर्जावर सह्या करून काढायला निघालो ते नेमकं हे बसणं.

आता बसायला जागा नसली की काय होतं ते बघा. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांचे सहकारी माकडांना रसाचे थेंब देत डोपामिनच्या पेशी काय करतात ते पाहायचे. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की थेंब नक्की मिळणार किंवा नक्की नाही मिळणार, हे माहीत असलं की या पेशी वाट बघताना शांत असतात. मिळेल की नाही हे अर्धंअर्धं असतं, तेव्हा वाट बघण्याच्या काळात त्या सगळ्यात जास्त चाळवतात. माकडावरून माणसावर उडी मारायची तर जपून मारावी लागते, ती जबाबदारी माझी. पण ऐरोलीच्या आयटी पार्कमधून सुटलेला मुलगा आणि कळव्याची मुलगी यांची भेट आज होणार की नाही, हे तिच्या काकांच्या ड्युटीवर, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीवर आणि 'क्लास उशिरा सुटला' ही थाप घरी पचण्यावर अवलंबून असेल, तर ती भेट रसाचा तो अर्धाअर्धा थेंबच झाली. महिन्यातून दोनदा वीस मिनिटं भेटणाऱ्या माणसांना एकमेकांचा स्वभाव दिसत नाही. एकमेकांची वाट पाहणं तेवढं दिसतं.

त्यात भीतीची भर. १९७४ मध्ये डॉनल्ड डटन आणि आर्थर ॲरन (हे तेच ॲरन, त्यांनी आयुष्यभर हाच उद्योग केला) यांनी व्हँकूवरजवळ एक प्रयोग केला. खोल दरीवर २३० फूट उंचीवरून जाणारा, हलणारा झुलता पूल. त्यावर एक तरुणी पुरुषांना थांबवून चार प्रश्न विचारते आणि पुढे काही शंका असली तर म्हणून फोन नंबर देते. नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच एका बुटक्या, भक्कम पुलावर नंबर घेतलेल्या १६ पैकी दोघांनी. मुलगी तशीच, प्रश्न तेच. फरक छातीतल्या धडधडीचा. पाय लटपटले म्हणून ती धडधड होत होती आणि मनाने तिचं श्रेय मुलीला दिलं, असा त्यांचा अर्थ. यावर बरीच वादावादी झाली आहे, पण मुद्दा पटण्याजोगा आहे. आमच्या गल्लीत दरी नाही. वॉचमनची बॅटरी आहे, बाइकवरून जाताना शुक् शुक् करणारी टोळकी आहेत, ओळखीचं कुणी बघेल ही धास्ती आहे, क्वचित शिट्टी वाजवणारा हवालदार आहे. छाती धडधडायला एवढं पुरतं. ती धडधड कशाची, हे विसाव्या वर्षी कोण वेगळं करून बघतं?

इथे माझ्याच बाजूचा एक लाडका युक्तिवाद मला सोडून द्यावा लागतो. घरचा विरोध जितका जास्त तितकं प्रेम घट्ट, असा निष्कर्ष १९७२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासातून निघाला होता आणि आपल्या सिनेमांना तो फारच सोयीचा आहे. २०१४ मध्ये तो पुन्हा तपासला तेव्हा टिकला नाही. घरच्यांचा आणि मित्रांचा पाठिंबा असलेल्या जोड्याच जास्त बऱ्या निघाल्या. म्हणजे आमच्या अर्जामुळे कुणाचं प्रेम वाढेल, असं मी म्हणत नाही. अर्जामुळे त्यांची ओळख वाढणार नाही, एवढंच म्हणतो. आणि ओळख नसताना आयुष्याचे निर्णय दोन्ही टोकांनी घेतले जातात. एक टोक, पळून जाऊन केलेलं लग्न. दुसरं टोक, कांदेपोहे.

कांदेपोह्यांवर मी तोंडसुख घेणार नाही. आमचं स्वतःचं तसंच ठरलं, डोंबिवलीला, पाऊण तासात. बरं चाललं आहे. (हे घरात वाचलं जाणार आहे.) पण पाऊण तासात काय विचारलं जातं, ते आठवा. शिक्षण, नोकरी, पॅकेज, घर स्वतःचं का. याच ॲरन यांनी १९९७ मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्यांना तेवढाच, ४५ मिनिटांचा वेळ आणि ३६ प्रश्न दिले. हळूहळू आत उतरत जाणारे प्रश्न होते, शेवटचं कधी रडलात, कशावर विनोद केलेला चालत नाही, असे. नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल कितीतरी जास्त जवळीक वाटली. शेजारच्या खोलीत मामा बसलेले असताना असले प्रश्न निघत नाहीत. बायोडेटावर जुळवणाऱ्यांसाठीही एक बातमी आहे. २०१७ मध्ये सामन्था जोएल, पॉल ईस्टविक आणि इलाय फिंकेल यांनी माणसांकडून त्यांच्या स्वभावाबद्दल आणि आवडीनिवडींबद्दल शंभराहून जास्त गोष्टी भरून घेतल्या, संगणकाला शिकवलं आणि पहिल्या भेटीत कुणाला नेमकं कुणाबद्दल ओढ वाटेल ते सांग म्हटलं. कोण एकूणच जास्त आवडून घेतं आणि कोण एकूणच जास्त आवडतं, हे काही प्रमाणात सांगता आलं. या दोघांचं जुळेल का, हे सांगता आलं नाही. ते समोरासमोर बसल्यावरच घडतं किंवा घडत नाही.

ठरवून केलेल्या लग्नात प्रेम वाढत जातं आणि प्रेमविवाहात घटत जातं, असं ठासून सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचा आधार बहुतेक वेळा १९८२ चा जयपूरचा अभ्यास असतो, काकांना ते ठाऊक नसलं तरी. त्यात ५० जोडपी होती. अमेरिकेतल्या भारतीयांवर २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारांत फरक दिसला नाही. विषय एवढाच, पुढे जाऊ.

मला खरी चिंता वाटते ती 'नाही' म्हणण्याची. वर्तमानपत्रात दर काही दिवसांनी 'एकतर्फी प्रेमातून' या शब्दांनी सुरू होणारी बातमी येते आणि पुढे मुलीवर हल्ला झालेला असतो. हल्ल्याला प्रेमाचं नाव देण्याची ही सवय पत्रकारांनी सोडावी. नकार मिळालेल्या १५ जणांच्या मेंदूंचा अभ्यास फिशर यांनीच २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भाग जागे दिसले. तलफ खरी असते म्हणून चोरी माफ होत नाही, इतपत अक्कल आपण दारूच्या बाबतीत दाखवतो. पण समजा, एखाद्या मुलीला चौथ्या भेटीत कळलं की हा माणूस आपल्यासाठी नाही. हे तिने त्याला कुठे सांगावं? येऊरच्या चढावर, अंधारात? त्याच्या मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर? काचा वर केलेल्या गाडीत? का आमच्या गल्लीतल्या बाकड्यावर, जिथे समोर इस्त्रीवाला आहे, बाजूला पोरं क्रिकेट खेळताहेत आणि दुसऱ्या मजल्यावरून पंधरा जण डोळे वटारून बघताहेत? आमच्या त्या बघण्याचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. बाकडी काढली की जोडपी नाहीशी होत नाहीत. जिथे कुणी बघत नाही तिथे जातात. मुलीच्या बापाने यावर रात्री नीट विचार करावा. मी मुलीचा बाप आहे आणि सही करताना मी तो केला नाही.

मग जात. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेम्स बोसार्ड यांनी फिलाडेल्फियातले ५,००० विवाह परवाने तपासले. एक तृतीयांश जोडपी एकमेकांपासून पाच चौकांच्या आत राहणारी होती. प्रेम आंधळं असेलही, पण ते चालून चालून फार लांब जात नाही. आपल्याकडे ते चौक जातीचे आहेत. भारत मानव विकास सर्वेक्षणानुसार देशातली जेमतेम ५ टक्के लग्नं आंतरजातीय आहेत. जातीबाहेरचा माणूस भेटावा कुठे? नात्यात नाही, मंडळात नाही, वधूवर सूचक केंद्रात तर पोटजातीचा रकाना आधी भरावा लागतो. उरतं कॉलेज, नोकरी, लोकलचा डबा आणि मग बसायला एक फुकट जागा. आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्याला, त्यात एक जण मागासवर्गीय असला तर, महाराष्ट्र सरकार ५०,००० रुपये देतं. १९३६ सालीच बाबासाहेब आंबेडकरांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय म्हटलं होतं, त्या हिशेबाने ही रक्कम फारच किरकोळ आहे. पण तेवढी तरी द्यायची, आणि ज्या बाकड्यावर या लग्नाची पहिली गोष्ट निघते ते 'सदर' म्हणून काढून टाकायचं, याला काय म्हणावं?

फुकट हा शब्द मी मुद्दाम वापरला. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना बाकडं लागत नाही. मॉलमधल्या एका कॉफीच्या बिलात दोन तास एसीत बसता येतं, कुणी शिट्टी मारत नाही. कायद्याच्या भाषेत 'असभ्य वर्तन' असतं ते रस्त्यावरच्यांचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ११० वं कलम याच शब्दावर उभं आहे, आणि असभ्य म्हणजे काय हे त्या क्षणी समोर उभा असलेला माणूस ठरवतो. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांतून चाळीसेक जोडप्यांना पोलिसांनी उचललं, पुढे आयुक्तांना चौकशी लावावी लागली. म्हणजे उघड्यावर बसलं तर असभ्य आणि बंद दाराआड गेलं तरी छापा. २०२१ मध्ये बोरिवलीच्या एका सोसायटीने समोरच्या रस्त्यावर 'नो किसिंग झोन' असं रंगवलं होतं. तिरुअनंतपुरममध्ये २०२२ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजजवळच्या बसथांब्यावरचं लांब बाकडं कापून रहिवाशांनी तीन सुट्या खुर्च्या केल्या, मुलंमुली शेजारी बसू नयेत म्हणून. विद्यार्थी येऊन एकमेकांच्या मांडीवर बसले आणि त्याचे फोटो त्यांनी इंटरनेटवर टाकले. महापौरबाईंनी तिथे नवा थांबा बांधू असं जाहीर केलं. आमच्या सभेत ही गोष्ट मी सांगितली असती तर चहा गार झाला असता.

आणि ही सगळी बिनलग्नाचीच आहेत, हे आम्ही कशावरून ठरवलं? वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, दीर आणि शाळकरी मूल असताना नवराबायकोने भांडायचं कुठे? नीट, मोठ्याने, शेवटपर्यंत भांडायलासुद्धा जागा लागते. मागच्या उन्हाळ्यात तिसऱ्या बाकड्यावर एक जोडपं रोज डबा घेऊन बसायचं. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. आम्ही त्यांनाही 'जोडपी' याच शब्दात मोजलं.

समोरच्यांची तक्रार अगदीच खोटी आहे असंही नाही. कधीतरी कुणी हद्द सोडतं, लहान मुलं विचारतात, रात्री अकराला बाटल्या सापडतात. बाटल्यांसाठी पोलिसांना फोन करावा, मीही करीन. बाकीच्यावर उतारा तलावपाळीवर रोज संध्याकाळी दिसतो. भेळवाला, बोटी, कोपिनेश्वरहून परतणाऱ्या आज्या, गडकरी रंगायतनकडे निघालेली मंडळी, आणि त्या सगळ्यांत कठड्यावर बसलेली जोडपी. कुणी कुणाकडे बघत नाही, कारण बघायला आणखी शंभर गोष्टी आहेत. वाशीला सागर विहारला किंवा मिनी सी-शोअरला तेच. गर्दी, दिवे आणि बाकडी भरपूर असली की माणसं आपोआप बेताने वागतात. तीनच बाकडी, तीही अंधारात ठेवायची, दिवा बंद पडला की महिनोन् महिने बदलायचा नाही आणि मग तिथे काय चालतं म्हणून अर्ज करायचा, हा आमचा उद्योग. त्या गल्लीतला दिवा दिवाळीपासून बंद आहे. त्यासाठी कुणी सह्या गोळा केल्या नाहीत.

परवा सेक्रेटरींना विचारलं, माझी सही मागे घेता येईल का. ते म्हणाले, अर्ज प्रभाग समितीकडे गेला, आता वेगळा अर्ज करावा लागेल, बाकडी राहू द्यावीत म्हणून, आणि त्यावरही दहा-पंधरा सह्या हव्यात. तो मी केला आहे. दिव्याचंही त्यातच लिहिलं. आत्तापर्यंत दोन सह्या आहेत. एक माझी. दुसरी तळमजल्यावरच्या काकूंची. त्यांना भाजी घेऊन येताना गुडघ्यांमुळे मध्ये एकदा टेकावं लागतं. त्या म्हणाल्या, पोरं त्यांना बघून उठतात आणि जागा देतात, कधी पिशवीही गेटपर्यंत आणून देतात. कुठल्या पोरांची नावं काय, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.